जेडच्या दगडात झोपलेली तिघं

युनयुनचे पाय कायम थंडगार असायचे. असणारच! बर्फाच्या डोंगरातून धावत येणाऱ्या नदीत रोज सकाळी गुडघाभर पाण्यात उभं राहा, म्हणजे तुमचेही होतील. वर अंगात निळं जाकीट, तेही दोन वर्षांपूर्वीचं. बाह्या कोपरापर्यंत चढलेल्या आणि खिशात अर्धा पाव. उरलेला अर्धा बाबांसाठी घरी ठेवलेला.

चीन देशाच्या पार पश्चिमेच्या टोकाला, डोंगरांच्या पायथ्याशी युनयुनचं गाव होतं. तिथल्या नदीत गोटे सापडायचे. साधे नव्हेत हं, जेडचे! जेड म्हणजे थिजलेल्या तुपासारखा पांढरा, दिसायला मऊमऊ आणि हातात घेतला की कळतं, पोलादालाही दाद न देणारा दगड. नदीचं पाणी गढूळ, डोळ्यांना तळ काही दिसायचा नाही. म्हणून गावातली माणसं अनवाणी पाण्यात उतरायची आणि तळव्यांनी दगड ओळखायची. साधा गोटा पायाला खरखरीत लागतो, जेडचा गुळगुळीत. युनयुन नऊच वर्षांची होती, पण तिचे तळवे भलते हुशार होते.

तिची आई ती रांगत असतानाच देवाघरी गेली होती. घरात ती आणि बाबा, दोघंच. बाबांचं नाव शेन. शेन म्हणजे गावातले एक नंबरचे कारागीर. त्यांच्या हातून इवलीइवली जनावरं आणि गोबरीगोबरी बाळं घडायची. स्वतःची शेपटी तोंडात धरलेलं मांजर. मान मागे वळवून पंख खाजवणारं बदक. म्हशीच्या पाठीवर पालथं पडून झोपलेलं मूल. कमळाचं भलंमोठं पान डोक्यावर धरून खुदकन हसणारं बाळ. गावात कोणाचंही मूल वर्षाचं झालं, की त्याच्या कमरेला असा एक चिमुकला दगड बांधायची रीत होती. तो दगड बाळाला सोबत करतो, असं सगळे मानत.

आणि जेडवर सुरी चालत नाही बरं का. बाबा लाकडी चाकापुढे बसायचे, पायाखालच्या दोन फळ्या आळीपाळीनं दाबायचे, की वर लोखंडी चकती गरगर फिरायची. चकतीला ओली वाळू लावायची आणि दगड घासायचा. घासायचा, घासायचा, नुसता घासायचा! पण त्याआधी बाबा दगड हातात घेऊन चारचार दिवस नुसते बघत बसायचे. पांढऱ्या दगडावर नदीनं कुठेतरी एखादा तपकिरी डाग दिलेला असतो ना, तोच बाबांचा लाडका. त्या डागाचा कधी मांजराचा कान व्हायचा, तर कधी बाळाच्या मुठीतला जर्दाळू.

मग एवढ्या चांगल्या कारागिराची पोर अर्ध्या पावावर का? सांगते. सांगायला जरा जड जातंय, पण सांगते.

नावाडी लुओ आजोबांची नात तौतौ वर्षाची व्हायची होती. आजोबांनी स्वतः शोधलेला दगड बाबांकडे दिला होता. शुभ्र दगड आणि त्यावर एकच तपकिरी ठिपका. बाबा बाजारात गेले होते. युनयुनला वाटलं, आपण बाबांना मदत करू या. तिनं दगड घेतला, बसून पाय पुरेनात म्हणून उभ्यानंच चाकाच्या फळ्या दाबल्या, आणि तो ठिपका म्हणजे मळ समजून घासून घासून पार घालवला. बाबा परत आले तेव्हा ही कोपरापर्यंत वाळूनं माखलेली, आणि चेहऱ्यावर हसू! "बघा बाबा, कसा स्वच्छ केला!"

बाबांनी दगड हातात घेतला. त्या ठिपक्याची बदकाची चोच होणार होती. त्या चोचीसाठीच तर आजोबांनी तो दगड निवडला होता. चोचीवाचून आता त्याच्यात बदक कुठलं? बाबा तिला एक अक्षरसुद्धा बोलले नाहीत. ते उठले, लुओ आजोबांकडे गेले आणि म्हणाले, "माझ्या डोळ्यांनी दगा दिला. दगड वाया गेला. माफ करा."

झालं! शेनचे डोळे गेले, ही बातमी गावभर झाली. आता अधू डोळ्यांच्या माणसाकडे आपला दगड कोण देणार? पानगळीत एकही दगड आला नाही. हिवाळा सरला, तरी नाही. बाबा लोकांच्या कुदळींना दांडे बसवून देऊ लागले. आणि शेवटी त्यांनी ठरवलं, की चाक नदीपलीकडच्या कारागिराला देऊन टाकायचं आणि खाली सपाटीवर, आत्याच्या गावी राहायला जायचं. तिथं ना नदी, ना जेड.

एवढं सगळं होऊनही युनयुन गप्पच होती. खरं सांगायला तोंड उघडलं की ती भलतंच काहीतरी बोलून जायची. दिवस गेले तसतसं सांगणं अवघड होत गेलं. त्या दिवसापासून तिनं चाकाला हातसुद्धा लावला नव्हता.

चाक ज्या दिवशी जायचं होतं, त्या दिवशी सकाळीच ती नदीवर निघाली. एखादा मोठ्ठा दगड सापडला तर? तर कदाचित बाबा थांबतील!

काठावरची जर्दाळूची बाग तेव्हा फुलांनी लगडली होती. गुलाबी, फिकट गुलाबी, पांढरी! पाकळ्यांचा नुसता सडा पडला होता. त्यातून वाट काढत युनयुन निघाली, तेवढ्यात तिला कोणीतरी शिंकल्याचं ऐकू आलं. अगदी एवढीशी शिंक. ती खाली वाकली. झाडाच्या मुळाशी चिखलाच्या डबक्यात वीतभर उंचीची एक परी बसली होती! पाकळ्यांचा झगा, केसांत दवाचे मणी, आणि पाठीवर दोन झिरझिरीत पंख. एक पंख चांदीसारखा लखलखत होता आणि दुसरा चिखलानं थापलेला, वाळून कडक झालेला.

"अशी बघत काय बसलीस?" परी नाक पुसत म्हणाली. "पंख पुसून दे की मला. पण हळू हं! काल एका माकडानं पुसायला घेतला, तर फाटायचाच बाकी होता."

"कोरडं कधी घासायचं नाही," युनयुन लगेच म्हणाली. "बाबा सांगतात, आधी भिजू द्यायचं. मग आपोआप सुटतं."

ती ओंजळीनं पाणी आणत राहिली. एकेक थेंब पंखावर सोडायचा, थांबायचं, भिजलेला चिखल बोटाच्या टोकानं अलगद उचलायचा, की पुन्हा थेंब. सूर्य वर चढला. नदीत शोधायची वेळ निघून चालली होती, हे तिला कळत होतं. पण अर्धा पंख साफ करून कोणी उठतं का? मधे परीला भूक लागली, तेव्हा तिनं खिशातला अर्धा पाव चुरून तिला भरवला. शेवटचा कण निघाला आणि पंख असा झळकला, की शेजारच्या पाकळ्यांवर इंद्रधनुष्याचे इवले तुकडे नाचू लागले.

"वा! हातात कारागिरी आहे हो तुझ्या!" परी हवेत गिरकी घेत म्हणाली.

हे ऐकून युनयुनची मान खाली गेली.

परीनं तिच्याकडे नीट पाहिलं, पण काही विचारलं नाही. झग्याच्या घडीतून तिनं एक दगड काढला. बाहेर आला तोवर तो लिंबाएवढा झाला होता. शुभ्र जेड, आणि आत तिघं जण झोपलेली: मुटकुळं करून पडलेलं मांजर, पंखात चोच खुपसलेलं बदक, आणि दोघांना कवटाळून झोपलेलं एक गोबरं मूल.

"ही तिघं तुझ्या तीन इच्छा पुऱ्या करतील," परी म्हणाली. "पण नियम आहेत बरं! पहिला नियम. ही फक्त आभार ऐकून जागी होतात. तेही साधेसुधे नाहीत, मनात असून बोलायचे राहून गेलेले. त्या माणसासमोर उभं राहून बोलायचे. दुसरा नियम. झालेलं न झालेलं करता येणार नाही. दगडातून गेलेला कण परत बसत नाही, हे तुला मी काय सांगू? आणि कोणाच्या मनातही यांना हात घालता येत नाही. तिसरा नियम. सूर्य या बागेमागे बुडायच्या आत सगळं व्हायला हवं."

"मी एकच मागणार आहे," युनयुन म्हणाली. "चाक आणि बाबा इथंच राहू देत."

"आधी कोणाला तरी जागं तर कर!" परी हसली आणि फांदीवर जाऊन बसली.

युनयुन धावतच निघाली. राहून गेलेले आभार? हाओ मावशी! शेजारच्या हाओ मावशी हिवाळाभर युनयुनच्या कुंपणाच्या भिंतीवर सलगमच्या गरम रश्श्याचं वाडगं ठेवून जात. पण मावशी अशा खाष्ट, की त्यांना आभार म्हणायची कोणाची छाती नव्हती. एकदा पोस्टमननं म्हटलं, तर त्याच्यावर त्यांनी झाडू उगारला होता.

मावशी उंबऱ्यावर बसून गुडघे चोळत होत्या. "काय गं? काय हवंय?"

"मावशी, रोजच्या रश्श्याबद्दल तुमचे आभार मानायला आले," युनयुन एका दमात म्हणाली. "तुमच्या रश्श्यामुळेच आम्ही हिवाळा काढला."

"कोण म्हणतं मी ठेवला? चल, निघ इथून! मोठी आली आभारवाली!" मावशी ओरडल्या, आणि पदर नाही म्हणून बाहीनंच डोळे पुसायला लागल्या. "मीठ... मीठ बरोबर असायचं का गं?"

"अगदी बरोबर!"

दगडात हालचाल झाली. मांजरानं एक डोळा उघडला, लांबलचक जांभई दिली आणि विचारलं, "बोल, काय हवं?"

चाक आणि बाबा, असं तिच्या ओठांवर आलंच होतं. पण समोर मावशींचे गुडघे होते. सुजलेले, लालबुंद. सकाळी उठून भिंतीपर्यंत यायला त्यांना किती दुखत असेल!

"मावशींचे गुडघे उबेत राहू देत," ती म्हणाली. म्हणूनच गेली! पांढरंशुभ्र मांजर दगडातून टुणकन उडी मारून बाहेर आलं, मावशींच्या मांडीवर चढलं आणि गुरगुर करत गुडघ्यांवर पसरलं.

"हे कुठलं आणि आता?" मावशी म्हणाल्या, पण त्यांनी त्याला हाकललं मात्र नाही.

अजून दोन उरल्यात, युनयुन मनाशी म्हणाली. दुसरे आभार कोणाचे, हे तिला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी नदीला लोंढा आला, तेव्हा लुओ आजोबांनी तिला वेणीला धरून पाण्याबाहेर ओढलं होतं. ती इतकी घाबरली होती, की आभार मानायचेच राहून गेले. आणि त्या ठिपक्यानंतर तर ती आजोबांना टाळूनच चालायची. आजही तिचे पाय नावेच्या घाटाकडे जाताना जडच झाले.

आजोबा नावेला दोर बांधत होते. काठावर तौतौ बसली होती, गालांचे दोन लाडू घेऊन.

"आजोबा, तुम्ही मला लोंढ्यातून काढलंत. त्याचे आभार राहिले होते."

आजोबांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हलल्या. "आठवण ठेवलीस होय? बरं वाटलं, पोरी." मग त्यांची नजर तौतौकडे गेली. "ही बघ ना. दीड वर्षाची झाली, पण पाऊल टाकत नाही. बायका म्हणतात, हिच्या कमरेला दगड नाही म्हणून. तुझ्या बाबांनी डोळे गेल्याचं आधीच सांगितलं असतं तर..." ते थांबले. "जाऊ दे. तुझा काय दोष त्यात?"

युनयुनला वाटलं, आत्ता बोलावं. पण ती खाली वाकून तौतौचे गाल कुरवाळू लागली.

तेवढ्यात बदकानं पंखातून चोच काढली. "बोल, काय हवं?"

"तौतौला चालता येऊ दे!" ही इच्छा तर विचार करायच्या आतच तिच्या तोंडून निघाली. बदक दगडातून बाहेर पडलं आणि डुलत डुलत, क्वाक क्वाक करत तौतौच्या नाकासमोरून चाललं. तौतौनं हात पुढे केला. बदक एक पाऊल पुढे. तौतौ उठली. बदक आणखी पुढे. तौतौनं एक पाऊल टाकलं, धपकन बसली, पुन्हा उठली, आणि निघाली की बदकामागे! आजोबांच्या हातातला दोर गळून पडला. ते हसत होते की रडत होते, कोणास ठाऊक. बहुतेक दोन्ही.

आता दगडात एकटं मूल राहिलं होतं. सूर्य कलला होता, आणि बाबा, शेजारची चार माणसं आणि हाओ मावशी (मांजर काखेत!) चाक घेऊन घाटाकडेच येत होती. चाक नावेत चढवलं गेलं. त्याच्या फळ्या बाबांच्या पायांनी घासून मधोमध खोलगट झाल्या होत्या. बाबा तिथून नजर काढत नव्हते.

युनयुन धावत त्यांच्यासमोर गेली. "बाबा, तुम्ही मला जेवू घालता, त्याबद्दल आभार!"

मूल झोपलेलंच.

"माझ्या वेण्या घालता, आजारपणात जागता, त्याबद्दल आभार!"

मूल ढिम्म. हे सगळं ती बाबांना कितीदा म्हणाली होती. राहून गेलेलं एकच होतं, आणि ते बोलायचं म्हणजे सगळ्यांसमोर ते सांगणं आलंच. लुओ आजोबा समोर. मावशी समोर. सूर्य जर्दाळूच्या शेंड्यांना टेकलेला.

पण तिनं बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि बोलली. जोरात बोलली.

"बाबा, तौतौच्या दगडाचा ठिपका मी घासला. तुमचे डोळे चांगले आहेत. माझी चूक तुम्ही स्वतःच्या डोळ्यांवर घेतलीत आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत. एवढं कोणी कोणासाठी करत नाही. तुमचे आभार, बाबा. खूप खूप आभार."

नावेतल्या माणसांचे चाकावरचे हात थांबले.

बाबा खाली बसले आणि त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "दगड तर गेलाच होता," ते हळू आवाजात म्हणाले. "लोकांनी तुला नावं ठेवली असती, तर तू चाकाला पुन्हा हात लावला नसतास. मला ते नको होतं."

"पण मी तसाही लावला नाही, बाबा."

"माहीत आहे मला. त्याचंच तर वाईट वाटतं."

लुओ आजोबा पुढे आले. त्यांच्या भुवया इतक्या आखडल्या होत्या, की युनयुननं डोळे मिटून घेतले. पण आजोबा तिच्याकडे नाही, नावेकडे वळले आणि गरजले, "बघताय काय? उतरवा ते चाक! चांगल्या डोळ्यांच्या कारागिराला मी नदीपार सोडणार नाही. माझ्या नातीचा दगड व्हायचाय अजून!"

"आणि माझ्या भाच्याच्या मुलाचा!" मावशी ओरडल्या. "हळू उतरवा रे, आपटाल!"

चाक उतरलं. युनयुन आता हुंदके देऊन रडत होती, पण मन मोकळं झालं होतं. कितीतरी महिन्यांनी तिला पोटभर श्वास घेता आला.

तिच्या मुठीत काहीतरी वळवळलं. दगडातलं मूल जागं झालं होतं! ते डोळे चोळत म्हणालं, "केवढी वाट बघायला लावलीस! बोल, काय हवं?"

युनयुन विचारात पडली. चाक इथंच होतं. बाबा इथंच होते. नवीन जाकीट? गोड पाव? तिनं मुलाकडे पाहिलं. एवढंसं मूल, किती वर्षांपासून दगडात मुटकुळं करून पडलेलं!

"मला हवं ते सगळं मिळालं," ती म्हणाली. "तुला काय हवं?"

मुलाचे डोळे मोठ्ठे झाले. "मला? हे तर मला कधीच कोणी विचारलं नाही. मला... मला पाण्यात धावायचंय!"

"मग माझी तीच इच्छा."

मूल टपकन उतरलं आणि खिदळत नदीत शिरलं. जिथं जिथं त्याचं पाऊल पडलं, तिथं तिथं तळाशी एक एक पांढरा गोटा चमकू लागला. कोणावर तपकिरी डाग, कोणावर सोनेरी, कोणावर जर्दाळूच्या पाकळीसारखा गुलाबी. धावत धावत ते पाणी उडवत वळणापलीकडे गेलं. नुसतं त्याचं हसू तेवढं मागे राहिलं.

बागेच्या शेंड्यांवरून परी उतरत आली. तिचे दोन्ही पंख आता सारखेच लखलखत होते. "युनयुन," ती म्हणाली, "माझे एक आभार राहिलेत. पंखाबद्दल. आणि पावाबद्दल." एवढं बोलून तिनं युनयुनच्या नाकाला आपलं इवलं नाक लावलं. मग सूर्याचा शेवटचा किरण तिच्या पंखांतून गेला, हजार रंग फुटले, आणि त्या लख्ख उजेडात परी विरघळून गेली. युनयुनच्या नाकावर फक्त एक पाकळी चिकटून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी चाकापुढे बैठक घातली. पण ते तिच्यावर बसले नाहीत. त्यांनी युनयुनला हाक मारली.

"बाबा, माझे पाय पुरत नाहीत फळ्यांना."

"पाय माझे घे," बाबा म्हणाले आणि तिच्यामागे बसले. बाबांनी फळ्या दाबल्या, चकती गरगर फिरू लागली, आणि युनयुननं दोन्ही हातांनी तौतौचा नवा दगड हळूच ओल्या वाळूला लावला.

युनयुनचे आभार जसे बाबांपर्यंत पोचले, तसे तुमचे-माझेही ज्याच्या त्याच्यापर्यंत पोचोत, आणि वेळेवर पोचोत.